परदेशगमनाची वैद्यकीय तपासणी आणि लैंगिक संसर्गाचे रोग

(डिचोली तालुक्यातील एका माध्यमिक विद्यालयाच्या सभागृहात ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



बाहेरच्या फलकावर आजच्या भाषणाचा विषय ‘परदेशगमन व आरोग्य’ एवढाच लिहिलेला आहे. फलक लिहिणाऱ्या शिक्षकांना पूर्ण विषय लिहिण्याचा संकोच वाटला असावा आणि त्याबद्दल मी त्यांना यत्किंचितही दोष देत नाही. परंतु सभागृहात आल्यावर विषयाचे नाव घेणे प्राप्त आहे. ज्या रोगांना आपण चारचौघांत गुप्तरोग म्हणतो, घरी दबल्या आवाजात गरमी, परमा अशी नावे देतो आणि वैद्यकशास्त्र ज्यांना लैंगिक संसर्गाचे रोग म्हणते, त्यांपैकी एखादा रोग परदेशी निघालेल्या माणसाच्या तपासणीत आढळला तर त्याच्या जाण्याचे काय होते, हा आजचा विषय आहे.

हा विषय निवडण्याचे कारण साधे आहे. गोमंतकातून माणूस बाहेर जाणे ही नवी गोष्ट नाही. तारवटी म्हणून जहाजावर जाणारे, पूर्वी आफ्रिकेत जाणारे, गेली पन्नास वर्षे आखाती देशांत जाणारे आणि अलीकडे अमेरिका, कॅनडा, न्यूझीलंड येथे कायमच्या वास्तव्यासाठी जाणारे, अशी माणसे बहुतेक प्रत्येक वाड्यावर आहेत. प्रसिद्धी खात्याच्या कामानिमित्त गावोगाव फिरताना लोक कागदपत्रांविषयी पुष्कळ विचारतात. मात्र कार्यक्रम संपल्यावर, खुर्च्या उचलल्या जात असताना, एखादा तरुण हळूच जवळ येतो आणि “रक्तात काही निघाले तर काय होते?” असे विचारतो. सर्वांसमोर हा प्रश्न कोणी विचारीत नाही. मी डॉक्टर नाही. परंतु निरनिराळ्या देशांचे नियम काय आहेत आणि सरकारी रुग्णालयांत कोणती सोय आहे, हे जनतेपर्यंत पोहोचविणे हे माझ्या खात्याचे काम आहे.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करतो. “रोग निघाला म्हणजे परदेशाचे दार बंद झाले” ही समजूत काही देशांच्या बाबतीत पूर्णतः चुकीची आहे आणि काही देशांच्या बाबतीत, दुर्दैवाने, बरीचशी खरी आहे. रोग कोणता, देश कोणता आणि उपचार केव्हा घेतला, या तीन गोष्टींवर सारे अवलंबून असते.

प्रथम थोडा इतिहास पाहू, कारण त्यावाचून हे नियम कोठून आले ते कळणार नाही. उपदंश, म्हणजे आपण ज्याला गरमी म्हणतो तो रोग, युरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या प्रमाणावर पसरला आणि पोर्तुगिजांच्या जहाजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर आला. सोळाव्या शतकातील भावमिश्राने आपल्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात त्याला ‘फिरंगरोग’ असेच नाव दिले आहे आणि त्यावर चोपचिनीचा उपाय सांगितला आहे. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ साली येथेच छापलेल्या आपल्या औषधिविषयक ग्रंथात चोपचिनीला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. फिरंग्यांच्या देशाने आम्हांला जो रोग दिला, त्याचीच तपासणी आज फिरंगी देश आमच्या दारात उभे राहून करतात, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावयाचा.

अमेरिकेने १८९१ साली कायदा करून किळसवाणा किंवा घातक सांसर्गिक रोग असलेल्या माणसास प्रवेश नाकारण्याची तरतूद केली. पुढील वर्षी न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावर तपासणीचे ठाणे उघडले. रांगेतून चालत जाणाऱ्या माणसांकडे डॉक्टर काही क्षण पाहत आणि संशय आला तर त्यांच्या कपड्यांवर खडूने खूण करीत. डोळ्यांतील खुपऱ्या शोधण्यासाठी पापणी उलटून पाहत. उपदंश आणि परमा हे रोग ‘किळसवाणे’ या सदरात मोडत. ‘किळसवाणा’ हा शब्द ध्यानात घ्या. रोग किती पसरतो, किती जीव घेतो, एवढाच त्या काळी प्रश्न नव्हता. माणसाच्या चारित्र्याचा निवाडाही त्या एका शब्दात होऊन जात असे. कायद्यातून तो शब्द केव्हाच गेला आहे, आपल्या मनातून मात्र गेलेला नाही.

त्या काळात या रोगावर खात्रीचे औषधच नव्हते. १९०५ साली उपदंशाचा जंतू सापडला, १९०६ साली रक्ततपासणीची पहिली पद्धत निघाली आणि १९४३ साली अमेरिकेतील डॉक्टर जॉन महोनी यांनी पेनिसिलीनने उपदंश बरा होतो हे दाखवून दिले. समुद्रावर काम करणाऱ्यांसाठी तर त्याआधीच एक समंजस करार झाला होता. १९२४ साली ब्रुसेल्स येथे काही राष्ट्रांनी असे ठरविले की, व्यापारी जहाजावरील खलाशी कोणत्याही राष्ट्राचा असो, बंदरात त्याला या रोगांवर मोफत उपचार मिळावेत. खलाशाला हाकलून दिले तर तो रोग घेऊन पुढच्या बंदरात जाणार. बरे करून पाठविले तर दोन्ही बंदरे सुरक्षित राहणार, असा त्यामागील विचार होता. आज ज्या देशांचे नियम मला शहाणपणाचे वाटतात, ते या करारामागील विचाराच्या जवळचे आहेत.

आता अमेरिकेचा नियम पाहू. पर्यटनासाठी, शिक्षणासाठी किंवा ठराविक मुदतीच्या नोकरीसाठी जाणाऱ्यांना सामान्यतः वैद्यकीय तपासणी द्यावी लागत नाही. कायमच्या वास्तव्याचा, म्हणजे ज्याला लोक ग्रीन कार्ड म्हणतात त्याचा व्हिसा मागणाऱ्यास, तसेच अमेरिकन नागरिकाशी विवाह करण्यासाठी वाग्दत्त वधू अथवा वर म्हणून जाणाऱ्यास ती द्यावी लागते. ही तपासणी कोणत्याही डॉक्टरकडे करून चालत नाही. अमेरिकन वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच ती करावी लागते आणि असे डॉक्टर मुंबईसारख्या मोठ्या शहरांत असतात. तपासणीत क्षयरोग, संसर्गजन्य अवस्थेतील कुष्ठरोग, उपदंश आणि परमा यांकडे विशेष लक्ष दिले जाते. १८ ते ४४ वयाच्या अर्जदारांची उपदंशासाठी रक्ततपासणी आणि १८ ते २४ वयाच्या अर्जदारांची परम्यासाठी लघवीची तपासणी होते. या वयाबाहेरील व्यक्तीचीही, डॉक्टरांना संशय आल्यास, तपासणी होऊ शकते. लैंगिक संसर्गाचे आणखी तीन रोग पूर्वी या यादीत होते; ते २०१६ साली वगळण्यात आले.

तपासणीत उपदंश किंवा परमा आढळला तर डॉक्टर तो ‘अ’ वर्गात नोंदवितात. ‘अ’ वर्गाची नोंद असेपर्यंत व्हिसा मिळत नाही. येथपर्यंत ऐकून माणसाचे हातपाय गळतात. परंतु पुढचे वाक्य अधिक महत्त्वाचे आहे. ठरवून दिलेला उपचार पूर्ण झाला की तीच नोंद ‘ब’ वर्गात जाते आणि ‘ब’ वर्गाची नोंद व्हिसाच्या आड येत नाही. उपदंश अलीकडचा असेल तर उपचार म्हणजे बेंझाथिन पेनिसिलीनच्या २४ लाख युनिटांची एक मात्रा. रोग जुना असेल किंवा तो केव्हा झाला हे सांगता येत नसेल, तर आठवड्याच्या अंतराने अशा तीन मात्रा. एवढ्या वर्षांत या जंतूला पेनिसिलीन पचविता आलेले नाही, ही वैद्यकशास्त्रातील एक सुदैवाची गोष्ट आहे. परम्याची गोष्ट वेगळी आहे. तो जंतू एकामागून एक औषधे निकामी करीत आला आहे. म्हणून औषधाच्या दुकानातून गोळ्यांची पट्टी आणून गुपचूप खाल्ल्याने परमा जाईलच असे नाही. त्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेलेच औषध घ्यावयास हवे.

म्हणजे अमेरिकेच्या बाबतीत या दोन रोगांमुळे होणारे नुकसान बहुधा काही आठवड्यांच्या विलंबाचे असते. मुलाखतीची तारीख पुढे जाते, मुंबईची आणखी एक-दोन वेळा खेप पडते, खर्च वाढतो. ज्याने विमानाचे तिकीट आधीच काढून ठेवले असेल त्याचा तोटा अधिक होतो. व्हिसा हाती येण्यापूर्वी तिकीट काढू नये हे वकिलाती स्वतःच सांगतात, पण आपल्याकडे मुहूर्ताची घाई असते!

“मला काही त्रास नाही, मग रक्तात रोग कसा निघेल?” असे पुष्कळांना वाटते. उपदंशाचा स्वभावच मुळी फसवा आहे. संसर्गानंतर बहुधा तीनेक आठवड्यांनी एक न दुखणारा व्रण उठतो. काही आठवड्यांनी तो औषधावाचून आपोआप भरून येतो आणि माणसाला वाटते, बरे झाले. पुढे अंगावर पुरळ येऊन तेही निघून जाते. त्यानंतर रोग वर्षानुवर्षे शरीरात निमूटपणे राहतो आणि केवळ रक्ततपासणीत सापडतो. स्त्रियांच्या बाबतीत व्रण आतील बाजूस असल्याने दिसतही नाही. परमादेखील स्त्रियांमध्ये पुष्कळदा कोणतेही लक्षण न दाखविता राहतो. तेव्हा तपासणीत रोग निघालेला माणूस खोटे बोलत होता, असे मानण्याचे कारण नाही. त्याला खरोखरच पत्ता नसेल.

याउलट, रोग नसतानाही तपासणीत दोष दिसू शकतो. व्ही. डी. आर. एल. ही जी प्राथमिक रक्ततपासणी सर्वत्र होते, ती हिवताप, कुष्ठरोग, काही सांधेदुखीचे आजार एवढेच नव्हे तर गर्भारपण यांमुळेही कधीकधी दोष दाखविते. म्हणून तिच्यावरून एकदम निष्कर्ष काढावयाचा नसतो, टी. पी. एच. ए. नावाची दुसरी, अधिक नेमकी तपासणी करून खात्री करावयाची असते.

याच दुसऱ्या तपासणीसंबंधी एक गोष्ट मला आज विशेष आग्रहाने सांगावयाची आहे. व्ही. डी. आर. एल. चा आकडा उपचारानंतर हळूहळू उतरतो. उदाहरणार्थ, उपचारापूर्वी अहवालात १:३२ असे लिहिले असेल तर वर्षभरात ते १:८ किंवा त्याहून खाली यावे, अशी अपेक्षा असते. परंतु टी. पी. एच. ए. ही तपासणी एकदा रोग झालेल्या बहुतेक माणसांत, तो पूर्ण बरा झाल्यावरही, आयुष्यभर होकारार्थीच येत राहते. जखम भरली तरी वण राहावा, तसे हे रक्तातील वण आहेत. ज्याने दहा वर्षांपूर्वी उपचार घेतला आणि जो आज ठणठणीत आहे, त्याचेही रक्त तपासणाऱ्या अनोळखी डॉक्टरला ‘रोग होऊन गेला’ असेच सांगणार. मग तो बरा झाला हे सिद्ध कसे व्हावयाचे? त्याला उत्तर एकच, कागद. कोणते इंजेक्शन दिले, किती मात्रा, कोणत्या तारखांना, उपचारापूर्वीचा व नंतरचा व्ही. डी. आर. एल. चा आकडा काय, हे डॉक्टरांच्या सहीशिक्क्यानिशी लिहून घ्यावे. अमेरिकेच्या तपासणीत हा कागद असेल तर पुन्हा उपचार घेण्याची पाळी बहुधा येत नाही. नसेल तर डॉक्टर पुन्हा इंजेक्शने देण्याचा मार्ग धरतात. दुर्दैव असे की, आपल्याकडे माणूस नेमका हाच कागद प्रथम फाडून टाकतो. घरात कोणाच्या हाती पडू नये म्हणून. जमिनीचा उतारा तीन पिढ्या जपणारी आपण माणसे आहोत. त्याच ट्रंकेत हाही कागद पाकिटात घालून ठेवता येईल.

कॅनडाचा नियम पुष्कळसा असाच आहे. तेथे १५ वर्षे व त्यावरील अर्जदारांची उपदंश व एच. आय. व्ही. या दोहोंसाठी तपासणी होते. उपचार न घेतलेला उपदंश सार्वजनिक आरोग्यास धोका मानला जातो. उपचार पूर्ण झाल्यावर तो धोका राहत नाही. इंग्लंडमध्ये सहा महिन्यांहून अधिक वास्तव्यासाठी भारतातून जाणाऱ्यास क्षयरोगाची तपासणी द्यावी लागते, लैंगिक रोगांची नाही. आणि ज्या गोमंतकीयांनी १९ डिसेंबर १९६१ पूर्वी येथे झालेल्या आपल्या किंवा आपल्या वडीलधाऱ्यांच्या जन्माच्या आधारे पोर्तुगालचे राष्ट्रीयत्व मिळविले, ते त्या देशाचे नागरिक म्हणूनच जातात. पोर्तुगालला जाताना त्यांचा प्रश्न व्हिसाचा नव्हे, आणि म्हणून तपासणीचाही नव्हे.

आखाती देशांचा रस्ता मात्र कठीण आहे, आणि आपल्या गावांतून तिकडे जाणारे पुष्कळ असल्यामुळे मी तेथे अधिक वेळ थांबणार आहे. सौदी अरेबिया, कुवेत, बहारीन, कतार, ओमान आणि संयुक्त अरब अमिराती या सहा देशांनी नोकरीसाठी येणाऱ्यांच्या तपासणीची एक सामाईक व्यवस्था केली आहे. तिला लोक अजूनही ‘गामका’च्या जुन्या नावाने ओळखतात, आज तिचे नाव ‘वाफिद’ असे आहे. नेमून दिलेल्या केंद्रात तपासणी होते आणि निकाल दोनच शब्दांत लागतो, ‘फिट’ किंवा ‘अनफिट’. क्षयरोग, कावीळ ब व क, एच. आय. व्ही. आणि उपदंश हे या नियमावलीतील अपात्र ठरविणाऱ्या रोगांत येतात. अमेरिकेप्रमाणे ‘उपचार घ्या, वर्ग बदलतो’ असा सरळ जिना येथे नाही. शिवाय निकाल सामाईक यादीत चढतो. म्हणजे कुवेतसाठी अपात्र ठरलेला माणूस महिन्याभराने कतारसाठी दुसऱ्या एजंटाकडून निघाला तरी जुना निकाल त्याच्यापुढे उभा राहू शकतो. तिकडे पोहोचल्यावर पुन्हा तपासणी होते ती वेगळीच. अमिरातीत तर घरकाम, मुले सांभाळणे, केशकर्तनालय अशा काही व्यवसायांसाठी उपदंशाची तपासणी खास करून घेतात. येथे पात्र ठरून गेलेला माणूस तेथे अपात्र ठरला तर त्याला परत पाठविले जाते.

यावरून निघणारा व्यवहारी सल्ला असा की, आखाती देशात जावयाचे ज्याच्या मनात आहे त्याने एजंटाला पैसे देण्यापूर्वी आणि अधिकृत तपासणीस जाण्यापूर्वी स्वतःहून सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. आपल्याकडे क्रम उलटा असतो. आधी कर्ज काढावयाचे, घरच्या स्त्रीच्या बांगड्या गहाण टाकावयाच्या, चालू नोकरी सोडावयाची, गावात जेवण घालावयाचे आणि मग रक्त द्यावयाचे. त्यानंतर ‘अनफिट’ असा शिक्का पडला की माणूस घरी तोंड दाखविण्यास धजत नाही. कर्ज राहते, आणि रोगही राहतो, कारण उपचाराला जावे तर तोच विषय पुन्हा निघणार. तपासणी आधी केली तर उपदंश वेळेवर सापडतो, बरा होतो, व्ही. डी. आर. एल. चा आकडा उतरण्यास अवधी मिळतो आणि हाती कागद राहतो. टी. पी. एच. ए. मुळे आखाती केंद्रात तरीही अडचण येऊ शकते, हे मी लपवून ठेवीत नाही. कागद दाखवून पुनर्विचाराची विनंती करावी. ती मान्य होईलच असे आश्वासन मला देता येणार नाही. परंतु बांगड्या गहाण पडण्यापूर्वी ही शंका माहीत असणे आणि नंतर माहीत होणे यांत मोठे अंतर आहे.

आता एच. आय. व्ही. संबंधी. हा रोग औषधांनी ताब्यात राहतो, पण शरीरातून जात नाही; म्हणून त्याची गोष्ट उपदंशाहून निराळी आहे. अमेरिकेने १९८७ साली त्याला प्रवेश नाकारणाऱ्या रोगांच्या यादीत घातले. त्याच १९८७ साली गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातही दुरुस्ती होऊन अशा रुग्णास विलग ठेवण्याची तरतूद झाली. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, रक्तदानानंतरच्या तपासणीत हा विषाणू आढळला म्हणून, म्हापसा येथे ६४ दिवस कोंडून ठेवण्यात आले. त्यांच्या मातोश्रींनी उच्च न्यायालयात दाद मागितली. ते १९९२ साली वारले. आपल्यातील वडीलधाऱ्यांना ते दिवस आठवत असतील. भीतीच्या पोटी माणसे कुलपे लावतात. ती अमेरिकेने आपल्या सरहद्दीवर लावली आणि आपण आपल्या गावात लावली. पुढे ज्ञान वाढले. अमेरिकेने ४ जानेवारी २०१० पासून एच. आय. व्ही. यादीतून काढून टाकला. आज तेथील कायम वास्तव्याच्या तपासणीत त्याची चाचणीच आवश्यक नाही. न्यूझीलंडने ऑक्टोबर २०२१ मध्ये तो फार खर्चिक आजारांच्या यादीतून वगळला. कॅनडा त्याला संसर्गाचा धोका मानीत नाही, फक्त उपचाराच्या सरकारी खर्चाचा हिशेब करतो. ती खर्चाची मर्यादा २०१८ साली तिपटीने वाढविण्यात आली आणि नागरिकाच्या पती-पत्नीला व अवलंबून असलेल्या मुलांना तो हिशेब लागू नाही. आखाती सहाही देशांत मात्र एच. आय. व्ही. असलेल्यास नोकरीसाठी वास्तव्याचा परवाना मिळत नाही. हे कटू आहे, पण खरे आहे, आणि एजंट काहीही सांगो, त्यात पळवाट नाही.

आपल्या देशात एच. आय. व्ही. संबंधीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आहे. त्यानुसार माणसाच्या माहितीपूर्ण संमतीवाचून ही तपासणी करता येत नाही आणि निकाल इतरांस सांगता येत नाही. परदेशी सरकार काय मागेल यावर आपल्या कायद्याचा अंमल नाही. परंतु आपल्या गावातील, कचेरीतील आणि रुग्णालयातील प्रत्येकावर आहे. उपचार १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून मोफत मिळू लागले आणि ते नियमित घेणारा माणूस येथेच आपला संसार व नोकरी व्यवस्थित करू शकतो.

एजंट हा शब्द आला म्हणून सांगतो. “दुसऱ्याचे रक्त देऊ”, “अहवाल बदलून आणू”, “तपासणीच्या आधी आठ दिवस कडक गोळ्या घ्या, काही दिसणार नाही” असे सांगणारे लोक असतात. गोळ्यांनी उपदंशाची रक्ततपासणी कोरी होत नाही, हे वर आलेच आहे. दुसऱ्याच्या रक्ताचा प्रकार तर घातकच. अमेरिकेच्या कायद्यात व्हिसासाठी केलेली लबाडी उघडकीस आली तर प्रवेशबंदी जन्मभराची असते. थोडक्यात, जो रोग तीन इंजेक्शनांनी जाऊ शकला असता, तो लपविण्याच्या खटपटीत कायमचा मार्ग बंद होतो. व्हिसाच्या अर्जात सांसर्गिक रोगाविषयीचा प्रश्न असतो. उपचार झालेला असेल तर तसे सांगावे आणि कागद जोडावा.

भगिनींना उद्देशून दोन शब्द. विवाह होऊन परदेशी जाणाऱ्या मुलीच्या तपासणीत उपदंश निघाला की सासरची आणि माहेरची माणसे एकदम तिच्याकडे बोट दाखवितात. रोग कोणाकडून कोणाकडे गेला हे रक्ताच्या अहवालावरून कळत नाही. पती-पत्नींपैकी एकाला आढळला तर दोघांचीही तपासणी व उपचार व्हावयास हवेत, नाही तर बरा झालेला पुन्हा आजारी पडतो. स्त्री गर्भवती असेल तर विलंब मुळीच नको, कारण हा रोग गर्भातील बालकाला जातो. वेळेवर दिलेल्या पेनिसिलीनने बालक वाचते आणि ते औषध गर्भारपणात देता येते.

येथे बसलेल्या शिक्षकांना व पंचायतीच्या कर्मचाऱ्यांना माझी विनंती आहे. परदेशी निघालेला तरुण दाखल्यांसाठी प्रथम आपल्याकडेच येतो. त्याला जन्मदाखला देताना, रक्त आधी तपासून घे, एवढे आपण सांगू शकता. रोग आहे का, असे विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही आणि त्याने विश्वासाने सांगितले तर ते तिसऱ्या कानी जाता कामा नये. कोण कोणत्या रुग्णालयात कोणत्या रांगेत दिसला ही बातमी आपल्याकडे बसपेक्षा आधी गावात पोहोचते. त्या भीतीनेच निम्मी माणसे उपचाराला जात नाहीत.

सोयीसंबंधी सांगून थांबतो. बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचा व गुप्तरोग विभाग आहे. म्हापसा व मडगाव येथे जिल्हा रुग्णालये आहेत. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली चालणाऱ्या समुपदेशन व तपासणी केंद्रांत एच. आय. व्ही. ची तपासणी मोफत होते आणि लैंगिक रोगांवरील उपचार ‘सुरक्षा क्लिनिक’ या नावाच्या दवाखान्यांत मिळतात. ज्याला समोर जाऊन विचारण्याचा संकोच वाटतो त्याने १०९७ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. त्याला पैसे पडत नाहीत आणि नाव सांगावे लागत नाही. निरनिराळ्या देशांचे नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी संबंधित वकिलातीची ताजी सूचना वाचूनच तारीख ठरवावी.

आता आपले प्रश्न घेऊ. मुख्याध्यापकांनी दाराजवळच्या टेबलावर कागदाचे तुकडे व एक पेटी ठेवली आहे. ज्यांना सर्वांसमोर विचारावयाचे नसेल त्यांनी नाव न लिहिता प्रश्न पेटीत टाकावा. वैद्यकीय प्रश्न मी तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे देईन आणि त्यांची उत्तरे पुढील आठवड्यात येथील सूचनाफलकावर लावण्यात येतील.